इस्टेशन म्हणणाऱ्यांची भाषा: चाळिशीनंतर स्पॅनिश बोलायला लागताना

माझे एक चुलतकाका आयुष्यभर 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणत आले आणि पुण्यात वाढलेली आम्ही पोरं त्यावर खिदळत आलो. शेहेचाळिसाव्या वर्षी मी स्पॅनिशच्या पहिल्या तासाला बसले, तर सरांनी फळ्यावर स्टेशनसाठी लिहिलं 'एस्तासिओन' आणि शाळेसाठी 'एस्कुएला'. स्पॅनिश जिभेला शब्दाच्या तोंडाशीच 'स्त', 'स्क', 'स्प' आलेलं चालत नाही, म्हणून आधी 'ए' लागतो. काकांची जीभ तेच करत होती. फरक एवढाच, की माद्रिदमध्ये त्याला शुद्ध भाषा म्हणतात.

हे आधी सांगतेय, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटणारी बोलायची भीती मुळात स्पॅनिशची नसतेच. ती इंग्रजीची असते. आठवीत धडा वाचताना कुणीतरी हसलेलं असतं, पहिल्या मुलाखतीत घशाला कोरड पडलेली असते. तीच जुनी भीती नव्या भाषेलाही येऊन चिकटते. पण स्पॅनिशवरून आपल्याकडे कुणाची पत ठरत नाही. तुम्ही चुकलात तर ते ओळखणारं माणूस तुमच्या गल्लीत बहुधा नसतंच. आणि समोरचा स्पॅनिश बोलणारा, निदान मला भेटलेले तरी, 'भारतातली बाई आपली भाषा बोलतेय' एवढ्यावरच खूश असतात.

मी काही हौसेने शिकले नाही. मी अकाउंट्समध्ये आहे आणि आमच्याकडे मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या एका पुरवठादाराची बिलं येतात. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. म्हणजे दिवसभर डोकं शिणल्यावर, कुकरची शिट्टी ऐकू येत असताना, परक्या भाषेत फोन. त्यातून जे कामाला आलं ते इथे लिहिते. ॲपवर वर्षभर रिकाम्या जागा भरूनही ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, त्यांना याचा जास्त उपयोग होईल.

आधी दार बदला

आपण स्पॅनिश शिकतो ती बहुतेक इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, मनातल्या मनात केलेलं भाषांतरही इंग्रजीतून. माझे पहिले चार महिने त्यात वाया गेले. मग एके दिवशी 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य सर इंग्रजीतून समजावत होते: इथे कॉफी हा कर्ता आहे, कॉफी मला आवडून घेते वगैरे. वर्ग गोंधळला. मी वहीत लिहिलं, 'मला कॉफी आवडते', आणि खाली रेघ मारली. शब्दाला शब्द तेच! अनेकवचनातही तेच. मला द्राक्षं आवडतात: 'मे गुस्तान लास उबास'. आवडणारी वस्तू एक की अनेक, यावर क्रियापद बदलतं, आपल्यासारखंच.

त्या दिवसापासून मी वहीचा उजवा रकाना इंग्रजीऐवजी मराठीत भरायला लागले आणि एकामागून एक गोष्टी जुळत गेल्या. 'घर बघते' म्हणताना आपण घराला 'ला' लावत नाही, 'मारियाला बघते' म्हणताना लावतो. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मारिया'. माणूस आला की तो 'आ' येतो. इंग्रजीतून येणाऱ्यांना हा नियम घोकावा लागतो, आपल्याला तो कानानेच कळतो. 'मी गेले' आणि 'मी जायचे' यांतला फरक तुम्हाला कुणी कधी शिकवला होता का? 'फुई' म्हणजे गेले, 'इबा' म्हणजे जायचे. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' हे रूप आठवा. 'किएरो के बेंगास' मध्ये 'बेंगास' तेच काम करतं. कर्ताही गाळता येतो. 'आब्लो' म्हणजे 'बोलते'. आपणही 'मी' न लावता 'येते हं' म्हणतोच.

तू आणि तुम्ही आहेतच: 'तू' आणि 'उस्तेद'. गंमत म्हणजे तू हा शब्दसुद्धा तोच. स्पेनमध्ये लोक पटकन 'तू'वर येतात. मेक्सिकोत अनोळखी, वयाने मोठं किंवा कामानिमित्त बोलणारं माणूस असेल तर 'उस्तेद'ने सुरुवात करावी. आपण परक्या माणसाला अहो-जाहो करतो त्याच अंदाजाने चाला, फारसं चुकणार नाही. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' ऐकू येईल, तेव्हा दचकू नका.

इंग्रजीच्या दारातून गेलं की काय होतं त्याचा एक नमुना. आमच्या वर्गातल्या एका काकूंना 'मला ओशाळल्यासारखं झालं' असं म्हणायचं होतं. इंग्रजी शब्दाला स्पॅनिश शेपूट लावून त्या म्हणाल्या 'एस्तोय एम्बारासादा'. याचा अर्थ 'मी गरोदर आहे'. वय वर्षं अठ्ठावन्न. तसंच 'लिब्रेरिआ' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचं दार नव्हे, यश.

आपलं दार जिथे अडतं ती जागाही सांगायला हवी. आपला 'आहे' एकच, त्यांचे दोन. मी पुण्याची आहे: 'सोय दे पुणे'. मी पुण्यात आहे: 'एस्तोय एन पुणे'. मी असं लक्षात ठेवलं, की मुळात जे आहे ते 'सोय'वाल्या बाजूला, सध्याची स्थिती आणि ठिकाण 'एस्तोय'वाल्या बाजूला. मेलेला माणूसही 'एस्तोय'च्याच बाजूला का जातो, हे विचारू नका. दहापैकी आठ वेळा निभावतं, बाकीच्या दोन वेळा समोरचा समजून घेतो. लिंगाचंही तसंच. हात त्यांच्याकडे स्त्रीलिंगी (ला मानो), 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी. चुकेल. कुणी 'तो खुर्ची' म्हटलं तर आपल्याला कळत नाही का?

तोंड तयार करा

पहिले पंधरा दिवस व्याकरण कमी आणि मोठ्याने वाचन जास्त, असं करा. मराठी माणसाला इथे बरंच फुकटात मिळतं. त्यांचे स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त आणि द दातांना जीभ लावून, आपलेच. च मात्र चहातला, चमच्यातला नव्हे. 'ह' अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला'. व आणि ब यांच्यात फरक करत नाहीत, म्हणून 'मी राहते' म्हणजे 'बिबो'.

दोन जागी मात्र जपा. न आणि न्य. वर्षं म्हणजे 'आन्योस'. मी एका कॉलवर माझं वय सांगताना 'आनोस' म्हणाले. त्याचा अर्थ शब्दकोशात बघा, मी इथे लिहिणार नाही. आणि 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा लांबवलेला र आपल्याला 'भुर्रकन' म्हणताना सहज येतो, फक्त तो नेमक्या जागी आणायचा. शब्दाच्या सुरुवातीचा रही तसाच जाड.

मराठी माणसाचा खरा घात होतो तो आघातात. आपण शब्दातली सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या जोराने म्हणतो. स्पॅनिशमध्ये जोर कुठे पडला यावर अर्थ बदलतो. 'पापा'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर मेक्सिकोत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. 'आब्लो'मध्ये जोर आधी आला तर 'मी बोलते', शेवटी आला तर 'तो बोलला'. नियम सोपा आहे: शब्द स्वराने किंवा न, स यांनी संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, नाहीतर शेवटच्यावर. याला अपवाद असेल तिथे ते स्वतःच डोक्यावर तिरकी रेघ काढून दाखवतात. रोज दहा ओळी वाचा आणि जोराच्या अक्षराला टेबलावर बोटाने टकटक करा. लहान मुलासारखं वाटेल, वाटू दे.

बोलण्याआधी अडखळायला शिका

हा भाग कुठल्याच पुस्तकात पहिल्या धड्यात नसतो, आणि तो तिथेच असायला हवा. नवशिक्याला चुकण्यापेक्षा जास्त भीती वाटते ती गप्प बसायला लागण्याची. समोरचा थांबलाय, आपल्याला शब्द सुचत नाही, तीन सेकंद तीन मिनिटांसारखे जातात.

माझा पहिला खरा फोन. वाक्यं लिहून ठेवली होती, बिलाचा नंबर समोर होता, वाक्य म्हटलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मांदे?" मला ऐकू आलं 'मांडे'. इतके दिवस मनातल्या मनात मी किती सुरेख बोलणार होते, ते सगळे मनातले मांडे तिथेच करपले. मी गप्प. त्या पुन्हा "मांदे?" मी "सी, सी" म्हणून फोन ठेवला आणि इंग्रजीत ईमेल लिहिला. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, की मेक्सिकोत 'काय म्हणालात?' असं अदबीने विचारायचं तर 'मांदे' म्हणतात. शब्दशः 'आज्ञा करा'. त्या बाईंना फक्त नीट ऐकू आलं नव्हतं!

त्यानंतर मी क्रियापदांचा तक्ता बाजूला ठेवून सहा वाक्यं घोटली, इतकी की झोपेतून उठवलं तरी यावीत:

मास देस्पासिओ, पोर फाबोर. (जरा सावकाश बोला ना.)
मे लो रेपीते? (ते पुन्हा सांगता का?)
कोमो से दीसे...? (याला काय म्हणतात...?)
किएरे देसीर के...? (म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की...?)
एस उना कोसा पारा... (अमुक करायची एक वस्तू असते ना...)
एस्तोय आप्रेन्दिएन्दो. (मी शिकतेय अजून.)

यांतलं पाचवं सगळ्यात गुणी. कात्रीचा शब्द आठवत नसेल तर 'कागद कापायची वस्तू' म्हणा: 'एस उना कोसा पारा कोर्तार पापेल'. समोरचाच शब्द पुरवतो आणि असा मिळालेला शब्द मग विसरत नाही.

यांच्या जोडीला भरीचे शब्द. मराठीत आपण 'म्हणजे', 'हे आपलं', 'त्याचं काय आहे ना' म्हणत विचार करायला वेळ काढतो. स्पॅनिशमध्येही तेच चालतं. 'ओ सेआ' म्हणजे म्हणजे. 'आ बेर' म्हणजे बघू हं. 'एस के' म्हणजे त्याचं काय आहे ना. मेक्सिकोत 'एस्ते...' असं लांबवलं की ते थेट आपलं 'हे आपलं...'. हे चार शब्द पेरले तर अडखळणंसुद्धा स्पॅनिशमध्ये होतं आणि समोरच्याला तुम्ही विचार करताय हे कळतं. 'अं... अं...' करत राहिलात तर तो बिचारा घाईघाईने इंग्रजीवर येतो, आणि मग संपलंच.

ओट्यापाशी

बोलायला माणूस मिळेपर्यंत थांबू नका. मी स्वयंपाक करताना बोलायला लागले. जे करतेय तेच, वर्तमानकाळात. 'आओरा कोर्तो ला सेबोया': आता कांदा चिरते. जिरं 'कोमिनो', हळद 'कुर्कुमा', कोथिंबीर 'सिलान्त्रो', मीठ 'साल'. तेल तापतंय, हात गुंतलेत, फोन हाताशी नाही, त्यामुळे शब्द शोधत बसता येत नाही. जे येतं त्यातच भागवावं लागतं. हाच खरा सराव.

लसणीला मेक्सिकोत म्हणतात 'आहो'. मी फोडणीत लसूण टाकताना मोठ्याने 'आओरा, आहो' म्हटलं की बाहेर पेपर वाचणारे आमचे हे "काय गं?" म्हणून आत येतात. सुरुवातीला वैताग यायचा. आता मी त्यांनाच पुढचं वाक्य स्पॅनिशमध्ये सांगते आणि लसूण सोलायला बसवते. 'पेला एल आहो, पोर फाबोर.' माझा पहिला आज्ञार्थ असा पक्का झाला.

पाव, पगार आणि परात या आपल्या शब्दांचे चुलतभाऊही वाटेत भेटतील. ते पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीणच. तिकडे 'पान' म्हणजे पाव, 'पागार' म्हणजे पैसे देणे, 'प्लातो' म्हणजे ताटली. अकाउंट्सवालीला 'पागार' शिकावा लागला नाही, हे काय कमी आहे!

पाच छोटी भाषणं

अनोळखी माणसाशी पहिल्या दहा मिनिटांत तेच तेच प्रश्न येतात: कुठून आलात, काय करता, घरी कोण कोण, स्पॅनिश का, आणि भारतातले आहात म्हणजे सगळे तिखट खाता का. या प्रत्येकावर आठ-दहा ओळी लिहा, जाणकाराकडून तपासून घ्या आणि पाठ करा. होय, सरळ पाठ. पाठांतराला कुणी नावं ठेवली तरी तोंडाला वळण त्यानेच लागतं. पाढे काय समजून पाठ केले होते?

यात एक भाषण मराठीवर ठेवा. बरेच स्पॅनिश बोलणारे भारतातल्या माणसाला 'इन्दू' म्हणतात, त्याचा धर्माशी संबंध असतोच असं नाही. 'तुम्ही इन्दू बोलता का?' असंही विचारतात. तेव्हा 'मि लेंग्वा मातेर्ना एस एल मराती' म्हणून, हिंदी वेगळी आणि मराठी वेगळी हे सांगायला लागलं की माणूस आपोआप रंगतो. मी पहिल्यांदा सलग तीन मिनिटं बोलले ती याच विषयावर. तावातावाने बोलताना आघातही नीट पडले.

आकडे वेगळे बसून करा. एकोणसाठ-एकोणसत्तरमधून पार पडलेल्या माणसाला त्यांचे आकडे म्हणजे खेळ आहे. खरी अडचण मोठ्या रकमांची. लाखाला वेगळा शब्द नाही, 'सिएन मिल' म्हणजे शंभर हजार. कोटी म्हणजे 'दिएस मियोनेस'. आणि त्यांचा 'बियोन' म्हणजे इंग्रजीतला अब्ज नव्हे, तर एक लाख कोटी. अब्जाला ते 'मिल मियोनेस' म्हणतात. स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम लावतात, मेक्सिकोत टिंब. पैशाच्या कामात असाल तर रक्कम बोलून झाल्यावर लेखी मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

माणूस कसा शोधायचा

टँडम, हॅलोटॉक अशी ॲपं आहेत, जिथे तुम्ही कुणाला तुमची भाषा शिकवता आणि तो तुम्हाला त्याची. मराठी शिकणारं कुणी मिळणं कठीण. इंग्रजी किंवा हिंदी द्यावी लागते. मला पहिल्या महिन्यात भाषेपेक्षा माझ्या फोटोंची चौकशी करणारे जास्त भेटले. त्यामुळे बायकांना माझं सांगणं: आपला फोन नंबर देऊ नका, बायकांशीच बोलायचं ठरवा, आणि पहिल्याच बोलण्यात वेळ वाटून घ्या, पंधरा मिनिटं त्यांची भाषा, पंधरा मिनिटं तुमची. तसं केलं नाही तर ज्याची भाषा कच्ची, त्याच्याच वाट्याला गप्प बसणं येतं.

पैसे देऊन शिक्षक ठेवणार असाल तर आठवड्यात एकदा तासभर बसण्यापेक्षा तीनदा वीस मिनिटं बोला, आणि फक्त बोला. त्यांना आधीच सांगा: मध्ये अडवू नका, शेवटी तीनच चुका सांगा. तीनच. माझ्या एका शिक्षिका प्रत्येक शब्दाला टोकायच्या. त्या हुशार होत्या, मनाने चांगल्या होत्या, आणि त्यांच्या तासाला माझी वाक्यं दिवसेंदिवस आखूड होत गेली. शेवटी मी तास बदलला. अवघडल्यासारखं झालं, पण उशीर केला याचंच वाईट वाटलं.

कुठल्या देशाची स्पॅनिश, यावर फार काथ्याकूट नको. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांची. कुणाशी हे ठरलेलं नसेल तर मेक्सिकोची घ्या; त्यांच्या मालिका आणि मुलाखती भरपूर मिळतात. स्पेनची घेतलीत तर 'स'च्या काही जागी जीभ दातांत धरून काढलेला उच्चार करावा लागेल. तो आपला 'थ' नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

परीक्षेची गरज सगळ्यांनाच नसते. नोकरीसाठी कागद हवा असेल तर इन्स्टिट्यूतो सर्व्हांतेसची देले परीक्षा आहे, ए १ पासून सी २ पर्यंत सहा पायऱ्यांची. त्या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे. प्रमाणपत्राला मुदत नसते. प्रत्येक पायरीला तोंडी परीक्षा असतेच, त्यामुळे लेखीच्या जोरावर तरून जाऊ असं धरून चालू नका.

दोन वर्षांनंतरचा हिशेब असा. ग्वादालाहाराच्या त्या बाईंशी मी आता बिलं, तारखा, परतावे आणि त्यांच्या आईच्या गुडघेदुखीवर नीट बोलते. त्यांची आई म्हणते 'मे दुएलेन लास रोदियास', म्हणजे शब्दशः 'मला गुडघे दुखतात'. पण त्या कॉलवर त्यांचे दोन सहकारी आपसात बोलायला लागले, की मला अजूनही निम्मंच कळतं. हसण्याचा आवाज आला की मी हसत नाही, हे मुद्दाम ठरवलंय. मी सरळ म्हणते, "मांदे?"